पाच अँपियरला किती वाट?

आभाळ सकाळपासून भरलेलं, पुसाचा गारठा, नळाखाली हात धरला की हात आपला का दुसऱ्याचा कळंना... अन असल्या दिवशी मला इचारतात, मामा, गुणायचं का भागायचं? आता तुमीच सांगा, मी जल्मभर गंगापूरकडं मेंढरं राखलेला माणूस, शाळंत गेलो तो कुंपण मोडून आत शिरलेली मेंढरं हाकलायला, मला काय ठाऊक गुणायचं का भागायचं?

त्याचं असं झालं. रूपाची माय, म्हंजे आमची मंडळी, गुडघ्याच्या ऑपरेशनला बारा दिवस दवाखान्यात. बारा दिवस नुसतं ओल्या फडक्यानं पुसणं. टाके निघाले, आज दुपारी रूपा तिला घरी आणणार. फोनवर म्हणली, "आले की कडक पाण्याची आंघोळ पायजे, दुसरं काय नको." पन्नास वर्षांत या बाईनं मला लुगडं मागितलं नाय, मागून मागून मागितलं काय, तर बादलीभर ऊन पाणी. अन नेमका सकाळीच हिटर जळाला, तो बादलीत सोडायचा. ग्यासची टाकी कालच संपलेली. म्हणलं, जाऊ, औरंगपुऱ्यातून नवा आणू, त्यात काय?

पण शेजारी अप्पाराव ऱ्हातो. वायरमन होता. रिटायर झाला, पण वायर सुटली नाय. म्हणलं, अप्पाराव, कसला हिटर आणू? आता सरळ सांगावं का नाय? "मामा, समजून घ्या, जल्माला पुरंल." माझा जल्म ऱ्हायला किती, ह्याचं शिकवणं किती... "तुमच्या खोलीच्या फ्यूजला तार पाच अँपियरची, वर गेलं की वितळली. दाब दोनशे तीस. दाबाला करंटनं गुणलं की वॅट येतात, दाबाला करंटनं भागलं की रोध येतो."

म्हणलं, इरोध कुणाचा?

"तारेचा हो मामा. रोध ओहममधी मोजतात."

ओम तर मला ठाऊक, देवळात म्हणतात. वाटही ठाऊक, गंगापूरची, बिडकीनची. पण पाच अँपियरला किती वाट, ते कुठं ठाऊक?

मग मी माझ्या परीनं बसवलं. दाब म्हंजे मागून कुत्रं लागल्यावर मेंढरांचा रेटा, करंट म्हंजे दारातून निघालेली मेंढरं, रोध म्हंजे दार किती अरुंद. अप्पाराव म्हणला, "वा मामा, बरोबर." अन हिशोब? आमची मोजदाद विसावर. दोनशे तीस म्हंजे अकरा विसा न दहा. पाच खेपा धरलं, सत्तावन्न विसा न दहा वाट. पाच जागी वाटलं, दोन विसा न सहा ओम. अप्पारावनं कागदावर ताडून पायलं, अकराशे पन्नास अन शेहेचाळीस, टिंबाचा फरक नाय. "आता ध्यानात ठिवा, वॅट त्याच्या खाली, रोध त्याच्या वर."

एक खाली, एक वर. रिक्षात बसलो, अन औरंगपुरा येईस्तोवर खड्ड्यांनी खालचं वर केलं, वरचं खाली.

दुकानदार म्हणला, "चचा, कितने वॅट का होना?"

म्हणलं, सत्तावन्न विसा न दहा.

"वीसा? चचा, पासपोर्टवाले बाजू की गल्ली में बैठते."

आता ह्याला काय समजावू? गुणलेलं त्याला कळंना, म्हणलं, भागलेलं सांगू. ओम मोज बाबा. बिचाऱ्यानं दोन हिटरांना मीटर लावला. "इसका पैंतीस, इसका तिरपन." मी उभा. दोन विसा न सहा मधोमध. खाली का वर? मेंढरं ध्यानात होती, दार इसरलो. मग म्हणलं, घरात काय, दारात काय, इरोध कमी तेच चांगलं. इरोध कमी म्हंजे तारंला तरास कमी. तुमीच सांगा, काय चुकलं?

"चचा, ये तो जोरदार है, लाईन झेलेगी?"

म्हणलं, दे. आमच्यात इरोध नाय चालत.

रूपाची माय आली. रूपानं तिला मोरीत स्टुलावर बसवली, केस सोडलेले, खांद्यावर टावेल. मी हिटर बादलीत सोडला. बटण दाबलं. पाणी गुरगुरायला लागलं, वाफ दिसती का नाय दिसती, तेवढ्यात दिवा गेला.

"झालं का वो पाणी?"

होतंय, म्हणलं. दुसरं काय म्हणणार? बटण बंद केलं, हिटर काढला, तिनं बोट बुडवलं. "यात मेंढरं धुवा."

अप्पाराव बॅटरी घेऊन आला. हिटर पायला, कागद काढला. "मामा, पस्तीसचा आणला? दोनशे तीस भागिले पस्तीस, साडेसहाच्या वर करंट. रोध कमी म्हंजे दार मोठं, दार मोठं म्हंजे...?"

मेंढरं जादा, म्हणलं. आत्ता आलं ध्यानात.

तार तर वितळलेली, अन फ्यूजच्या डब्याला कुलूप, किल्ली घरमालक अंगदरावाकडं, अंगदराव बिडकीनला. अप्पारावनं फोन लावला, तो निघतो म्हणला. आत मंडळी टावेल गुंडाळून कुडकुडती, भाईर मी. म्हणलं, अप्पाराव, आता काय करू, गुणू का भागू?

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठिवला. म्हणला, "मामा, वाट जास्ती झाली. आता वाट बघा."