पहारेकऱ्याला कोण विचारतं

—हो, कुलूप विहंगचंच, पण बसा हो उदाजीराव, देवासहून मुलीसाठी चौकशीला आलात तर मलाच विचारा, भिंतीला भिंत आहे आमची. काम काय करतो? घड्याळं तपासतो! कंप्युटरच्या आत एक कारभारी प्रोग्राम असतो, कर्नल म्हणतात त्याला — त्याला वेळ सांगतं प्रोसेसरच्या पोटातलं घड्याळ, आणि ते म्हणे भरवशाचं नाही. मशीन झोपली की थांबतं, कधी उगाच धावतं. म्हणून दुसरं घड्याळ पहाऱ्याला — हळू, पण सच्चं. अर्ध्या अर्ध्या सेकंदाला ताडून बघायचं, फरक आला की पहिल्यावर काट. एवढ्यासाठी इंजिनिअर लागतो? आमच्या धारचा घडीसाज बसल्या बसल्या करेल. आणि तीन महिने डोकं घालून निघालं काय — तर म्हणतो, "काकू, घड्याळ बरोबरच होतं. पहारेकरीच उशिरा बघायला आला, आणि खोटं ठरलं घड्याळ." आता काट मारण्याआधी पहारेकऱ्याला विचारायचं, बाबा तू कुठे होतास — असं लिहून दिलंय त्यानं. पहारेकऱ्याला कोणी विचारतं का हो? फालतू दिमाग नुसता.

मुलगा वाईट नाही हं, माझं सिलिंडर तोच लावून देतो. पण वेळेचा पक्का नाही, तोंडावर सांगते. माघात हाटपिपल्याचे पाहुणे यायचे होते दहाला, आले सव्वाबाराला, तर दाराला कुलूप. मी सांगून टाकलं, याचं हे असंच. गेले परत, मुलगी दिली दुसरीकडे. — उशीर? गाडी बिघडली त्यांची. कळवलं होतं की, दहालाच — मध्यस्थी माझी, म्हणून फोनही मलाच. विहंगला सांगा म्हणाले. फोन ठेवला अन् जपाला बसले, म्हटलं एक माळ होऊ दे. अर्धी माळ सोडत नाहीत आमच्यात. — नाही, मग नाही सांगितलं. डोळा लागला जरा. जरा म्हणजे… उठले तेव्हा पाहुणे दारात. तो बारापर्यंत ओट्यावर बसून होता म्हणे, नवा सदरा घालून, समोरच्या जयानं पाहिलं. मग गेला कामावर.

असं काय बघता? मला काय ठाऊक तो बसलाय ते. त्यानं तरी कधी विचारलं का मला? एका शब्दानं नाही. आजही जाताना म्हणाला, "काकू, अकराला येतो, पाहुण्यांना सांगा" — अन् मी…

फाटक वाजलं. किती झाले तुमच्या घड्याळात? — अकरा?

जा, जा तुम्ही त्याच्याकडे. चहा राहू द्या.