तलाठ्याची संकष्टी

मी मूळची हरसूलकडची, डोंगरातली. नागली-भाताची माणसं आम्ही, भात घरात आला का मुकादम गाडी घेऊन यायचा आणि आम्ही द्राक्षाच्या कामाला खाली उतरायचो, तशी लगीन झाल्या साली मी इकडं विंचूरला आले ती इथलीच झाले बघा. बागेचा मालक भला माणूस, त्यानंच कोपऱ्यातला तुकडा आम्हाला दिला, फुकट नाय हां, आम्ही दोघांनी राबून घेतला. जनाबाई कुणाच्या बापाला भीत नाय असं वस्तीवर म्हणतात ते काय खोटं नाय ताई, पण एकदा मी भ्याले. कुत्रीपायी भ्याले, हसू नका.

चंद्री तिचं नाव. काय कुत्री होती, काय सांगू तुम्हाला, ती भुंकली का बिबट्या उसातच दबून बसायचा. ती एका हिवाळ्यात खोकायला लागली. आमचे हे म्हणाले हाड अडकलं असंल. मग ती फाटकापासून शेडपर्यंत चालली तरी धापा टाकायची, वाटेत बसायची, आणि पोट फुगलं तर पलीकडची सिंधू म्हणाली गाभण हाय गं, बाळंतविडा कर. मीपण हसले. शेवटी गाडीत घालून डॉक्टरीणबाईकडं नेली, जनावरांची डॉक्टर, पोरगीच हाय पण हात लय हलका. तिनं रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. म्हणली मावशी, हिच्या काळजात जंत झालेत. आता पोटात जंत होतात हे मला ठाव हाय, काळजात कुठून होतील? तर म्हणली मच्छर चावतो ना, त्याच्यातून बारीक पिल्लं आत जातात, तिथं वाढतात आणि काळजात नि फुप्फुसाच्या नळ्यांत शेवयांसारखी गुंतून बसतात. इकडं लय दिसत नाय हा आजार, पण दिसतो. आणि हिला आता लय उशीर झालाय. चार दिसांत गेली माझी चंद्री, मांडीवर डोकं ठेवून गेली.

तिचाच पोरगा हा तलाठी. हे नाव का, तर लहान होता तवापासून बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि मधोमध बसायचा, जसं काय मोजणीच करतोय. त्याला घेऊन मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाईच्या दारात. म्हणलं बाई, हा गेला तर मी नाय जगायची, आत्ताच काय ते सांगा. त्याचं रक्त चांगलं निघालं. मग ती म्हणली दर महिन्याला एक गोळी, वजनाप्रमाणं. मच्छराकडून आलेली पिल्लं मोठी व्हायच्या आतच मरतात. महिना चुकवायचा नाय, पाऊस सरला म्हणून थांबायचं नाय, तुमच्याकडं शेततळं हाय, ठिबक हाय, मच्छर बाराही महिने. दर साल रक्त तपासायचं, तपासल्याबिगर कुठल्या कुत्र्याला गोळी सुरू करायची नाय, आणि शेळ्यांचं जंताचं औषध तर बिलकूल पाजायचं नाय. हे शेवटचं आमच्या ह्यांच्याकडं बघून म्हणली, कारण ह्यांनी बाटली खिशात आणलीच होती!

आता महिना ध्यानात कसा ठेवायचा? तर मी संकष्टी धरते. म्हणलं, माझा उपास आणि त्याची गोळी एकाच दिवशी, दोघांचं गणपती बघंल. पण हा तलाठी लबाड! भाकरीत गोळी घातली तर भाकरी खाऊन गोळी अशी स्वच्छ बाजूला काढून ठेवायचा, वर माझ्याकडं बघायचा. दुधात घातली, दूध प्याला, गोळी तळाशी. तूप-गुळाचा मलिदा केला, तरी तेच. मी रडकुंडीला आले, परत गोळी मलिद्यात दडवून पुढं ठेवली. तेवढ्यात बांधावर सिंधूचा वाघ्या येऊन उभा राहिला, जिभल्या चाटत. त्याला बघून तलाठ्यानं गोळीसकट सगळा मलिदा असा गिळला, चावलासुद्धा नाय!

म्हणलं, सापडला मेल्या!

पण अडचण वाघ्याची नव्हती, सिंधूची होती. बांधावरून आमचं वाजलं होतं, त्यांच्या ट्रॅक्टरनं बांध कोरला म्हणून मी तिला नको नको ते बोलले होते, तिनंपण काय कमी नाय केलं. बोलणं बंद. तरी दर संकष्टीला दिवेलागणीला मी हळूच वाघ्याला यू यू करायची, त्याला साध्या मलिद्याचा गोळा, गोळीबिळी काय नाय, आणि ह्याला गोळीचा. असे काय महिने गेले. एका संकष्टीला सिंधूनं बघितलं. काय ओरडली ताई! धावा रे, जनी माझ्या कुत्र्याला विष घालती! सगळी वस्ती गोळा. तिचा नवरा काठी घेऊन आला. मी सांगतेय पण कोण ऐकतंय? मग माझं डोकं फिरलं. वाघ्याच्या वाटणीचा गोळा हातात होता, तो सगळ्यांसमोर तोंडात घातला आणि गिळला. म्हणलं, बघा आता, मरते का ते!

तिच्या नवऱ्यानं काठी खाली घेतली. आणि सिंधूच कपाळाला हात लावून म्हणली, अगं बया, जने, आज तुझी संकष्टी ना? मोडलीस?

तवा मला आठवलं. चंद्र उगवायचा होता, पोटात पाणीसुद्धा नव्हतं माझ्या. म्हणलं, मोडली, गणपती माझा, मी बघून घेईन त्याचं, पण तू ऐक. चंद्रीचं पोट फुगलं तवा गाभण म्हणाली होतीस ना? ती गाभण नव्हती, तिच्या काळजात जंत होते. तेच मच्छर तुझ्या वाघ्याला चावतात, त्यांना बांध कळत नाय. उद्या त्याला डॉक्टरीणबाईकडं ने. माझ्याशी बोलू नको, पण त्याला ने.

सिंधू बांधावरच बसली आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एकाच गाडीत, मधी दोन कुत्री. वाघ्याचं रक्त चांगलं निघालं, अन् सिंधूनं डॉक्टरीणबाईच्या समोर मला मिठी मारली! आता वस्तीवरची समदी कुत्री तपासलेली हायेत. संकष्टीच्या सांजेला सगळी मालकाच्या शेडवर येतात, द्राक्षाच्या काट्यावर वजन होतं, ज्याची त्याची गोळी ज्याला त्याला, आणि एकमेकांकडं बघत अशी गिळतात का विचारू नका. बांधाचं भांडण? ते हाय की अजून, पण आता चहा पिता पिता भांडतो.

सिंधू दर वेळी चिडवते, काय गं जने, खाती का मलिदा? मी म्हणते, आण, परत खाईन. आधी कुत्र्यांचं होतं, मग चंद्र बघून आम्ही दोघी एका ताटात उपास सोडतो.

परवाच सालाची तपासणी झाली, तलाठी एकदम ठणठणीत. तो बघा, बसलाय बांधावर मधोमध, तोंड जरा पांढरं झालंय. पांढरं तोंड चंद्रीला कुठं बघायला मिळालं? आईच्या वयाच्या पुढं गेला हो माझा तलाठी.