नीलाबाईंनी न लिहिलेला ठराव

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या नगरपंचायतीच्या नगराध्यक्षा मंजुळाबाई, मुख्याधिकारी मॅडम, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय सभापती आणि नगरसेवक, कार्यालयातला सगळा कर्मचारीवर्ग, सफाई आणि पाणीपुरवठ्याची मंडळी, जी आज धुतलेल्या कपड्यांत ओळखू येईना, गावातून आणि तांड्यावरून कामं टाकून आलेले बंधू-भगिनी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आदरणीय नीलाबाई आडे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालक दिपकरावांनी माझी ओळख करून देताना दोन गोष्टी सांगितल्या. वैजनाथ टाले हे माजी नगराध्यक्ष आहेत, आणि नीलाबाईंचे जुने हितचिंतक आहेत. पहिली गोष्ट बरोबर आहे. दुसरी बरोबर नाही. त्याबद्दल बोलायलाच मी उभा आहे. काहींना ते रुचणार नाही, हे मला समोरच्या रांगेकडे बघूनच कळतंय. तरी ऐकून घ्यावं ही विनंती.

नीलाबाईंची नोकरी एकतीस वर्षांची. ग्रामपंचायत होती तेव्हा लागल्या, नगरपंचायत झाली तेव्हा त्यांच्याकडे सभेचं काम आलं. आता हे सभेचं काम म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आपली नगरपंचायत म्हणजे नळ, नाली, दिवाबत्ती, घरपट्टी, मोकाट जनावरं आणि कचरा. या सगळ्याचे निर्णय सभेत होतात. आम्ही सतरा जण एकमेकांच्या अंगावर ओरडतो, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली एक बाई ते सगळं वहीत उतरवून घेते. कुणी काय मांडलं, काय मंजूर झालं, काय पुढं ढकललं. आम्ही घरी गेलो की जे उरतं ते त्या वहीत. आमच्यापैकी किती जणांनी त्या खुर्चीकडे कधी मान वळवून पाहिलं असेल? मी तरी पाहिलं नव्हतं. ते पाहायची वेळ माझ्यावर चार वर्षांपूर्वी आली.

तेव्हा कचरा डेपो शाळेच्या मागं होता. आठवतंय ना? दुपारी वारा फिरला की धूर सरळ वर्गात शिरायचा. पोरं नाकाला रुमाल बांधून पाढे म्हणायची. रोज सकाळी दहा-बारा आया माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. एक बाई लेकराला माझ्या पायाशी बसवून म्हणाली, "याचा खोकला ऐका, अध्यक्षसाहेब, मंग चहा प्या." मी चहा ठेवला खाली. डेपो हलवायचाच, असं त्या दिवशी मी ठरवलं. त्यात माझं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

जागा कोणती? तांड्याजवळचं गायरान. सरकारी, मोकळं, रस्त्याला लागून. नवीन डेपोची योजना मंजूर होत आली होती. फक्त जागेचा ठराव शनिवारपर्यंत हिंगोलीला पोचवायचा होता, नाहीतर योजना दुसऱ्या गावाला जाणार होती. गुरुवारी सभा बोलावली. विषय क्रमांक अकरा. पण त्या गायरानाच्या खालच्या अंगाला तांड्याची विहीर आहे. सगळा तांडा उन्हाळ्यात त्याच विहिरीवर जगतो. सभेत गोंधळ झाला. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं की आधी जागा पाहायची, विहीर पाहायची, आणि पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा. मीही हात वर केला होता. हे लक्षात ठेवा, मीही हात वर केला होता.

शुक्रवारी दुपारी मी नीलाबाईंना माझ्या दालनात बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणालो, "नीलाबाई, अकरा नंबरचा ठराव सर्वानुमते मंजूर असा लिहा. उद्या सकाळी हिंगोलीला न्यायचाय."

त्या म्हणाल्या, "तो मंजूर झाला न्हाई, साहेब."

"झाला असं समजा."

"समजून कसं लिव्हू? सभेत जे झालं तेच मला लिव्हता येतं."

मी समजावलं. शाळेतली लेकरं सांगितली, धूर सांगितला, योजना सांगितली. त्या उभ्याच होत्या. मी बसा म्हटलं नव्हतं. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुमचं म्हननं खोटं न्हाई, साहेब. उद्या सकाळी सभा लावा. मी नोटिसा काढते, घरोघर नेऊन देते. मंजूर झाला की तिथंच लिव्हून देते."

सभा लावली तर मी हरणार, हे मला माहीत होतं. माझा तोल गेला. आज इतक्या लोकांसमोर ते वाक्य पुन्हा उच्चारायला जड जातंय, पण मी म्हणालो, "तुमचं माहेर त्या तांड्यातलं. म्हणून अडून राहिल्या तुम्ही."

नीलाबाई दाराशी गेल्या. मग म्हणाल्या, "माहेर तिथं नसतं तरी मी हेच म्हटलं असतं. पन आता तुमी ते मानणार न्हाई." आणि दार उघडून गेल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडून सभेची पक्की वही ठेवायच्या कपाटाची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या एका कर्मचाऱ्याकडून ठरावाची प्रत तयार करून घेतली. त्याचं नाव मी घेणार नाही, त्यानं माझ्या दबावाखाली केलं. सही माझी. शनिवारी प्रत हिंगोलीला गेली. सोमवारी नीलाबाईंना जन्म-मृत्यूच्या टेबलावर बसवलं, आणि कामात अडथळा आणल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस काढायला लावली. त्या नोटिशीचा मजकूर मी सांगितला, शब्दन् शब्द.

(हो, हो, मंजुळाबाई, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं संपली म्हणताय. अजून थोडी द्या. चार वर्षं थांबलोय.)

दीड महिन्यानं गायरानावर मोजणीवाले आले. त्यांनी विहिरीच्या वर चुन्याची रेघ मारली. तांड्याला कळायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कार्यालयाच्या पटांगणात दीडशे-दोनशे माणूस. बाया पुढं, हातात रिकाम्या घागरी. सगळ्यांच्या पुढं वसराम नाईक. नीलाबाईंचे सख्खे थोरले भाऊ. मी वर खिडकीत होतो. पोलिसांना फोन केला होता, गाडी निघाली म्हणत होते, पण पोचत नव्हती. कुणीतरी फाटक हलवायला लागलं. खाली शिपायानं कार्यालयाचं दार आतून लावून घेतलं.

आणि त्याच दारातून नीलाबाई बाहेर गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं. हातात त्यांची कच्ची वही होती. सभेत बसून भराभर टिपणं घेतात ती. किल्ली मी घेतली होती, पण कच्ची वही त्यांच्याच पिशवीत राहिली होती. त्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. तारीख, वेळ, हजर सदस्यांची नावं. विषय क्रमांक अकरा. जागेची व विहिरीची पाहणी करून पुढील सभेत निर्णय घ्यावा, असे ठरले.

मग वसराम नाईक म्हणाले, "म्हंजी मंजूर झालाच न्हाई?"

"न्हाई झाला, भाऊ."

"मंग तसं लिहून दे. सभेनं नामंजूर केला म्हून लिही अन् सही कर. आमी ते घेऊन आत्ताच्या आत्ता हिंगोलीला जातो."

खिडकीत उभं राहून मी मनात म्हटलं, आता ही बाई लिहून देणार. का नाही देणार? मी तिची किल्ली घेतली, टेबल घेतलं, नोटीस दिली. समोर तिचा भाऊ. ज्या विहिरीवर ती लहानपणी पाणी भरायची, ती विहीर. आणि एकच तर शब्द.

नीलाबाई म्हणाल्या, "नामंजूर पन झाला न्हाई, भाऊ. हाय तेवढीच नक्कल करून देते."

वसराम नाईकांना ते कळेचना. ते त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले, मोठ्यानं. मला सगळं समजलं नाही, पण आवाजातलं समजलं. मग मराठीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, "काहून? त्यांनी खोटं लिव्हलं तर चालतं, अन् तू आमच्यासाठी एक शब्द लिव्हू शकत न्हाई? कोनाची हाय तू?"

गर्दी पुढं सरकली. एका बाईनं घागर पायऱ्यांवर आपटली. मागून कुणीतरी दगड भिरकावला, तो नीलाबाईंच्या...

काय म्हणता नीलाबाई? दगड नव्हता? ... चप्पल होती. बरं. चप्पल होती, आणि ती खांद्याला लागली. ऐकलंत ना? आजही चुकीचं चालत नाही त्यांना.

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला. वही छातीशी धरली. आणि तिथंच उभ्या राहिल्या. आत येता आलं असतं, दार मागंच होतं. नाही आल्या.

मंडळी, मी खिडकीतून खाली बघत होतो. मला वाटत होतं की हे लोक माझ्यावर चालून आलेत. पण माझ्या वाट्याचं ती बाई खात होती. माझी सही कुणी पाहिली नव्हती. मार तिला बसत होता, कारण मी एक शब्द लिहायला लावला होता आणि ती दुसरा लिहायला तयार नव्हती. मी खाली गेलो. शूर म्हणून गेलो असं समजू नका. शिपायानं दार उघडायला दोनदा नकार दिला, तेव्हा परत फिरावं असंही वाटून गेलं.

बाहेर जाऊन मी म्हणालो, "वहीत आहे तेच खरं आहे. ठराव झाला नव्हता. हिंगोलीला गेलेला कागद खोटा आहे, आणि तो मी पाठवलाय."

एवढं बोलल्यावर जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. माझा सदरा फाटला, एवढं सांगतो. नीलाबाई आणि वसराम नाईक दोघांनीच मला गर्दीतून बाजूला काढलं. मग पोलिसांची गाडी आली.

पुढं सगळी सभा गायरानावर गेली. सतरा नगरसेवक उन्हात विहिरीच्या काठावर उभे राहिले. गायरानाचा उतार सरळ विहिरीकडे होता, ते दाखवायला कुणी इंजिनिअर लागला नाही. पुन्हा सभा झाली. विषय क्रमांक अकरा, अकरा विरुद्ध सहा मतांनी नामंजूर. नीलाबाईंनी तो शब्द त्या दिवशी लिहिला.

गोष्ट इथं गोड झाली असं मात्र कुणी समजू नये. योजना गेली. गोरेगाव रस्त्याच्या जुन्या खदानीत डेपो जायला आणखी दहा महिने लागले, आणि ते दहा महिने शाळेतल्या लेकरांनी धूर खाल्ला. त्या आया माझ्या ओट्यावर यायच्या बंद झाल्या. ते जास्त लागलं मला. चौकशीच्या सुनावणीला मी सात वेळा हिंगोलीला गेलो, आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी मला घरी बसवलं. योग्य केलं.

आणि नीलाबाई? त्यांना सभेचं टेबल परत मिळालं. पण त्यांच्या मुलीच्या, मिनाच्या लग्नात मामा आला नाही. मी त्या लग्नात होतो. मामाला पुढं बोलवा, असा पुकारा झाला, दोनदा झाला. नीलाबाई मांडवाच्या दाराकडे बघत होत्या. मग प्रेमदासभाऊंनी, त्यांच्या यजमानांनी, भटजींना हळूच सांगितलं, पुढचं चालू द्या. मी जेवलो नाही त्या दिवशी, तसाच मोटारसायकल काढून निघालो. एका शब्दासाठी बहीण-भाऊ दोन वर्षं बोलले नाहीत. आज वसराम नाईक तिसऱ्या रांगेत बसलेत. केव्हा आणि कसं जमलं ते मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्कही नाही.

आता राहिलं ते एकच. ती नोटीस. चौकशी झाली, ठराव रद्द झाला, माझ्यावर ताशेरे आले. पण नीलाबाईंना दिलेली नोटीस कुणी मागं घेतली नाही. ती मागं घ्या असं तोंडातून काढायचं काम माझं होतं. मी नाही काढलं. नीलाबाईंनीही कधी विषय काढला नाही. चार वर्षं ती त्यांच्या फाइलला लागून राहिली, कामात अडथळा आणणारी कर्मचारी म्हणून.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, निरोपाच्या आधी मी लेखी देणार आहे की नोटीस खोट्या कारणासाठी काढली होती, माझ्या सांगण्यावरून.

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "मला वाटलं तुमी इसरले."

मी म्हणालो, "विसरलो नव्हतो, बाई. विसरलो असतो तर इतक्या दिवसांत कधीतरी तुमच्या घरी आलो असतो."

तेव्हा त्यांनी ताट बाजूला ठेवलं. आणि त्या दिवशी दालनात मी जे म्हटलं नव्हतं, ते त्या म्हणाल्या. "बसा."

ते पत्र मी आज सकाळी मुख्याधिकारी मॅडमकडे दिलं आहे. आवक नोंद झाली आहे, तसा शिक्का घेतला आहे.

नीलाबाई, आपल्याला आणि प्रेमदासभाऊंना उत्तम आरोग्य लाभो. आयोजकांनी मला बोलू दिलं, मंजुळाबाईंनी चिठ्ठ्या पाठवूनही मला थांबवलं नाही, आणि सभागृहानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्याबद्दल सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुठं शब्द वाकडा गेला असेल, तर पदरात घ्यावा. त्या शुक्रवारच्या शब्दाला मात्र माफी द्यायची की नाही, हे नीलाबाईंनी ठरवायचं आहे. त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

नमस्कार.