क्षमाचा एकशेवीस मीटरचा फटका

नाही नाही, टीव्ही ठीक आहे. रिमोटही ठीक आहे. बिघाड चेंडूत आहे — म्हणजे चेंडू आता बरोबर चालतो, तोच तर बिघाड. बसा ना, मुकुल. साकीनाक्यावरून जोगेश्वरीला यायला तुम्हाला सव्वा तास लागला, आणि माझी बायको, क्षमा, शेजारच्या रेवतीबरोबर खाली सोसायटीच्या बागेत गेलीय. वीस मिनिटांत वर येईल. त्याआधी उरकायचंय. चहा नंतर देतो.

हा बेसबॉलचा गेम. फेब्रुवारीत क्षमाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात नाही. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, रिमोट हातात धरून बॅट फिरवू दे, खांद्यापासून, रोज चाळीस वेळा. मग गार्गीनं — आमची मुलगी, बंगळूरला असते — येऊन हे सगळं बसवलं, आणि जाताना मला बजावलं, बाबा, सेटिंगला हात लावायचा नाही. आता मी एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलंय, मला हे सांगायची गरज होती का? होती. होती म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

आधी मी नुसता बघायचो. चार दिवस मला वाटत होतं, हा बॉलर सगळे फुलटॉसच टाकतोय आणि अंपायर गप्प कसा — मग कळलं, बेसबॉलमध्ये टप्पा नसतोच. ठीक आहे. पण पुढचं काही मला पचेना. क्षमा हात हलवायची — हलवायची म्हणजे काय, हे बघा, एवढासा — आणि चेंडू थेट प्रेक्षकांत! एकशेवीस मीटर. स्क्रीनवर आकडाच यायचा. टाळ्या, फटाके. आणि ही हसायची. चाळीसचे साठ झाले, साठचे शंभर. रेवतीला बोलावून दाखवायची — आज चौदा बाहेर घालवले गं! जूनमध्ये एक दिवस तिनं उजव्या हातानं कप उचलला. अर्धा भरलेला, पण उचलला.

आणि मी काय केलं? मी वहीत गणित मांडलं. हवेचा विरोध सोडून दिला, कोन पंचेचाळीसचा धरला, तरी एकशेवीस मीटरला ताशी एकशेतेवीस किलोमीटर वेग लागतो. जिच्या हातून रुमाल सुटतो तिच्या फटक्याला! चूक आहे ना हे? — हां, चूकच. तिला वही दाखवली. ओरडलो वगैरे नाही हो, नीट समजावलं, एककांसकट. ती म्हणाली, अहो, खेळ आहे तो. मी म्हटलं, खेळ असला म्हणून काय, गुरुत्वाकर्षण सुटी घेतं का? आणि सेटिंगमध्ये जाऊन ‘रिअलिस्टिक’ लावलं, एकेक आकडा खरा करून टाकला.

तेव्हापासून चेंडू छान वागतोय. झकास काम केलंय गेम बनवणाऱ्यांनी — फिरकी काय, हवेत वेग मरणं काय, गवतावर घसरणं काय, मला एक चूक सापडली नाही. फक्त क्षमाचा चेंडू तिच्या पायाशी पडायचा. आठ दिवस पडला. नवव्या दिवशी तिनं रिमोट पुसला, नॅपकिनच्या खणात ठेवला आणि म्हणाली, तुमचं बरोबर आहे. चौतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते नकोय हो. आज बावीस दिवस झाले. हात पोटाशी धरून बसून असते. कप पुन्हा डाव्या हातात. परवा फिजिओथेरपीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, मिळवलेलं सगळं गेलं कसं? मी म्हटलं, हवा बदललीय ना.

जुने आकडे? तेच तर. लिहूनच ठेवले नाहीत. निरीक्षण न नोंदवता प्रयोग केला — पोरांचे मी यासाठी दोन मार्क कापायचो. गार्गीला विचारू? आणि तिला सांगू काय? नको. तुम्ही सगळ्यात सोपं असेल ते लावा. बरं, असं नाही का करता येणार, की वर नाव ‘रिअलिस्टिक’च दिसेल आणि चेंडू मात्र जाईल? नाही? एवढं सगळं बनवतात, हे एक नाही? बरं. द्या इकडे, मी बघतो — हात किती, एवढासाच ना — गेला! एकशेवीस! आवाज, आवाज बंद करा.

लिफ्टचं दार. आली. ती वही सरकवा इकडे. आणि ते लाल पेन — हां.

ये गं. हे मुकुल, गेमवाले. नाही, बिघडलं काही नव्हतं. माझंच गणित चुकलं होतं. हे बघ, फुली मारलीय. काय चुकलं म्हणजे — g चुकीचा घेतला. हो, तोच. एकतीस वर्षं शिकवला तोच. हसायला काय झालं? धर हा रिमोट. त्या हातात नाही, उजव्या.

मुकुल, तुम्ही निघा आता. चहा राहिला तुमचा.