शेवटच्या कडव्यातलं नाव

माझं माहेर जनवाडा, दिलं राजेश्वरला, शाळा सातवीपस्तोर अन् ती बी कानडी, मराठी आईच्या तोंडची अन् विहारातल्या पुस्तकांतली. पण काय सांगू तुमाला, भाकरी थापता थापता मला गाणी सुचायची. गावात माणिकअप्पाची गायन पार्टी होती, गळा असा की चार शेतांपल्याड ऐकू जावा, अन् डोकं रिकामं. म्हणाला, अक्का, जयंतीला एक गाणं दे की. दिलं.

आमच्यात रीत हाय, ज्यानं गाणं केलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतंय. अन् म्या माझ्याच हातानं घातलं, माणिक म्हणे. कामून? तर बाईचं नाव माईकवर कसं यावं म्हणून मीच लाजले! आता तवाच्या त्या पोरीला, म्हंजी मलाच, पुढ्यात उभी करून दोन थोबाडीत द्याव्या वाटतंय. मंग वर्षानुवर्षं तेच. लोक म्हणायचे, काय लिहितो हो अप्पा, अन् ही येडी बायकांत बसून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवायची.

एकदा म्हणलं, बास. नव्या गाण्यात शेवटी सत्यभामा घातलं, माझं नाव, असं गुंतवून की काढलं तर ओळ लंगडी व्हावी. अप्पा म्हणाला, व्हय अक्का, तुझंच हाय की. स्टेजवर तीन कडवी गायला, चौथं आलं तसं हात जोडले अन् दुसरं गाणं धरलं. कडवंच टाकलं बघा! इचारलं तर म्हणतो, टाइम न्हवता अक्का.

औंदा अप्पा गेला. त्याचा थोरला पोरगा आला, तो बी गातोय, म्हणाला, आज्जी, पुण्यानुमोदनाला, अप्पा गेल्याच्या कार्यक्रमाला, त्याच्यावर गाणं पायजे, अप्पानं इतकी गाणी लिहिली, त्याच्यावर. माझ्यापुढं बसून म्हणायलाय! असा संताप आला, पाणी सुदिक इचारलं न्हाई त्याला. तरी लिहिलं, गळा तर खरा होता की माणसाचा. पण माझं नाव या डावाला शेवटी न्हाई, धृपदात घातलं. शेवटचं कडवं टाकता येतंय बाबा, धृपद कसं टाकशील, ते दर कडव्यामागं फिरून येतंय.

कागद नेऊन आठ दिस झाले. आधी रोज फोन करायचा, आता एक न्हाई. कार्यक्रम परवा हाय, अजून बोलवायला कुणी आलं न्हाई. भलं होवो लेकराचं. पण मी जाणार, अन् पयल्या रांगेत, त्याच्या तोंडासमोर बसणार.