उद्या दुपारपर्यंत तू नाहीस

—नाही, खिडकीपाशी नको, तिकडे पलंगावर बस, आणि पडदा आहे तसाच राहू दे. उकडतंय? मग पंखा वाढव, पण पडदा नको. दादा, तू आलास याचा मला आनंदच झालाय, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुला तसं वाटणार नाही. आता इतकी वर्षं या दिवसाला सुट्टी मागत होतास, एकदाही दिली नाही त्यांनी — देशाचा दिवस, त्या दिवशी सैनिकाला घरी कोण सोडणार — आणि यंदा आलास, ते नेमकं आदल्या संध्याकाळी, न कळवता. सरप्राइज म्हणे. बरं, मग माझ्याकडचंही एक घे. चौकात तुझा पुतळा बसवलाय. उद्या सकाळी उद्घाटन आहे. हसतोस काय — हसत नाहीयेस? हसून घे की थोडं, पुढे जागा नाही हसायला.

मी इस्त्री करत करत बोलतो हं, उद्या पुतळ्यापाशी मांडायला गणवेश न्यायला अध्यक्ष येतील एवढ्यात. अध्यक्ष म्हणजे आपल्या वसाहतीच्या उत्सव समितीचे, ते टाइल्सच्या दुकानवाले. घाबरू नकोस, ते तुला ओळखत नाहीत, त्यांनी तुझा फक्त भरतीच्या वेळचा फोटो पाहिलाय, आणि त्यात तुला केस होते. तर हे सगळं सुरू झालं या गणवेशावरून. तुझाच जुना, तू टाकून गेला होतास तो, मी धुऊन हँगरला लावला होता. अध्यक्ष आले — देशाच्या दिवशी एका सैनिकाचा सत्कार करायचाय, तुमच्या भावाला बोलवा. म्हटलं, भाऊ सीमेवर आहे, सैनिक असल्यामुळे येऊ शकत नाही. त्यांचा चेहरा पडला. पाहुणे ठरलेले, माईक ठरलेला, सगळं ठरलेलं, फक्त सैनिक नाही. मग त्यांनी वर हँगरकडे बघितलं, खाली माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, तुम्हाला बसतो का हा? मी काय करणार? बसला. कमरेत थोडा सैल, तेवढंच.

पहिल्या वर्षी म्हणाले, ‘भावाच्या वतीने हा सत्कार स्वीकारतील’. दुसऱ्या वर्षी ‘वतीने’ जरा हळू म्हणाले. मग काय, सवयीचं झालं. मला ती सॅल्यूट मारायची पद्धतही जमली — तुझ्यापेक्षा बरी जमते, खरं सांगतो, तू कसा मारतोस माहितीये, कोणीतरी बघतंय म्हणून मारल्यासारखा. मी मनापासून मारतो. लोक टाळ्या वाजवतात ना दादा, तेव्हा छातीत असं काहीतरी — जाऊ दे. आई पहिल्या रांगेत असते. रोज मी तिच्या समोर या टेबलाशी उभा असतो, सकाळपासून, तिला मी आहे की कपाट आहे फरक पडत नाही. पण त्या दिवशी ती अशी बघते — म्हणजे तुझ्याकडेच बघत असते ती, गणवेशातून, मला कळतं ते — पण बघते. असो. कॉलरचं टोक कडक पाहिजे ना? पाणी मारतो.

नाही, विरोध झाला होता. आपल्यात सगळेच काही टाळ्यावाले नाहीत. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई — सिस्टर म्हणतात सगळे — त्या गेल्या वर्षी सभेत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हा दिवस देशाचा आहे की पलटणीचा? देश म्हणजे नुसती सीमा का, आतमध्ये कोणी राहत नाही का? पाणी सोडणारा आहे, बस चालवणारा आहे, गटार उपसणारे नाना आहेत, त्यांना का नाही कधी बोलवत? अध्यक्ष म्हणाले, सिस्टर, तुमचं बरोबर आहे, पण नानांना बघून कोणाच्या अंगावर काटा येतो? सिस्टर म्हणाल्या, माझ्या येतो. हातमोज्यांशिवाय खाली उतरताना बघून. मग एक जण म्हणाला, सैनिक जीव धोक्यात घालतो हो. सिस्टर म्हणाल्या, मग नाना काय घालतात? अध्यक्षांनी लगेच मतदान घेतलं.

आणि ऐक, सिस्टर जिंकल्या. समितीने मान्य केलं — सगळ्यांचा सत्कार करायचा. पाणीवाला, बसवाला, नाना, स्वतः सिस्टर. फक्त अध्यक्षांनी एक छोटीशी दुरुस्ती सुचवली, की कार्यक्रमाला शोभा यावी म्हणून सगळ्यांनी गणवेश घालावा. लष्करी. नाटकाचे कपडे भाड्याने देतात ना, तिथून आणले, मी सगळ्यांना इस्त्री केली. नाना त्या ठिपक्याठिपक्यांच्या कपड्यात स्टेजवर आले तेव्हा काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! निवेदक म्हणाला, यांनी वर्षानुवर्षं खोल अंधारात उतरून शत्रूशी सामना केलाय. नाना माझ्या कानात म्हणाले, हा कोणाबद्दल बोलतोय? दुसऱ्या दिवशी आपल्याच गल्लीत चेंबर तुंबलं, नाना साध्या बनियनवर आले, कोणी ओळखलं नाही. अध्यक्षांनी त्यांना गाडी लावायला अडचण होते म्हणून बाजूला व्हायला सांगितलं. सिस्टर? त्या आपल्या पांढऱ्या कपड्यांत चढल्या. अध्यक्ष म्हणाले, गणवेश कुठे? त्या म्हणाल्या, हा काय आहे मग? शेवटी त्यांच्या डोक्यावर हिरवी टोपी ठेवायचा प्रयत्न झाला. त्यांनी ती काढून अध्यक्षांच्या डोक्यावर ठेवली. फोटो चांगला आलाय तो.

पुतळ्याकडेच येतोय मी. अरे, घाई काय आहे, तुला कुठे जायचंय? — आईकडे? आई घरी नाही, मैदानावर तालमीला गेलीय. सांगतो, बस. तर यंदा समितीच्या मनात आलं, माणसं दरवर्षी बदलतात, आजारी पडतात, सिस्टरसारखी उलट बोलतात, त्यापेक्षा कायमचा एक सैनिक असावा. सिमेंटचा. मूर्तिकार आला. तुझा फोटो लहान होता म्हणून नाक फोटोवरून घेतलं, बाकी मी उभा राहिलो. कान माझे आहेत. बंदूक नव्हती, म्हणून मी हातात जे सवयीचं ते धरल्यासारखं धरलं — त्यामुळे आता जवळून बघितलंस तर तो बंदूक इस्त्रीसारखी धरून उभा आहे, पुढे जरा वाकून. मूर्तिकार म्हणाला, यात एक निर्धार दिसतो.

पण मग खालून कोणीतरी खुसपट काढलं. चौकातली जागा नगरपालिकेची, आणि तिथे जिवंत माणसाचा पुतळा बसवता येत नाही, तसा नियम आहे. सभा बसली. पुतळा तयार, चौथरा तयार, अडचण एकच — तू. अध्यक्षांनी मला विचारलं, भावाचा शेवटचा फोन कधी आला होता? म्हटलं, दोन महिने झाले असतील, तिकडे रेंज नसते. मी खरं तेच सांगितलं दादा! रेंज नसते हे तूच सांगतोस! त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग अध्यक्ष हळूच उभे राहिले, मान खाली घातली. मग सेक्रेटरी उभे राहिले. मग सगळेच. दोन मिनिटं. आता सगळे उभे राहिल्यावर मी एकटा बसून राहणार का? बरं दिसतं का ते? उभा राहिलो. बस, एवढंच केलं मी. तोंडातून एक शब्द काढलेला नाही. आणि दोन मिनिटं संपल्यावर एकेक येऊन खांद्यावर हात ठेवायला लागले, तेव्हा उशीर झाला होता. तेव्हा ‘अहो, तो बरा आहे’ म्हणायचं म्हणजे त्यांचा अपमानच.

नाही नाही, आईला माहीत नाही. तिला मी सांगितलंय तुझा मोठा सत्कार आहे. तिने चौथऱ्याच्या दगडावरचं वाचलं, ‘अमर’ लिहिलंय म्हणून खूश झाली — म्हणाली, चांगला आशीर्वाद आहे, लोकांचं मन मोठं आहे. पुतळ्याकडे मात्र बराच वेळ बघत होती. मला म्हणाली, हा थोरला आहे का धाकटा? मी म्हटलं, दोन्ही. आता मैदानावर तिला तालीम देतायत, वीरमाता म्हणून चार शब्द बोलायचेत ना माईकवर. डोळे टिपायला शिकवतायत पदराने. ती म्हणते, मला रडू येत नाही हो, माझा मुलगा ठणठणीत आहे. ते म्हणतात, काय संयम आहे बाईंचा! शेवटचं वाक्य त्यांनी लिहून पाठ करून घेतलंय — ‘मला आणखी एक मुलगा असता तर तोही देशाला दिला असता’. मी म्हटलं, आहे की आणखी एक. मी. तर म्हणाले, हो, पण वाक्य चांगलं झालंय, राहू दे.

तेव्हा तुला करायचं काय, काहीच नाही. उद्या दुपारपर्यंत इथे पडून राहायचं, मस्त झोपायचं. आईलाही आज रात्री दिसायचं नाही, माळ्यावर गादी टाकतो. ती तुला बघितल्यावर गप्प बसेल का? सगळ्या वसाहतीला हाका मारत सुटेल. दुपारनंतर आपण बघू, सावकाश तिला सांगू, मग तू परत गेलास ड्यूटीवर की झालं, कोणाला पत्ताही — ही पेटी का आणलीयेस एवढी मोठी? सगळं सामान? — कायमचा? म्हणजे सुटलास? नोकरी पुरी झाली? अरे मग आधी सांगायचं नाही का! मी आपला तासाभरापासून दुपारपर्यंतचा हिशोब करतोय, आणि तू जन्मभरासाठी आलायस!

थांब, विचार करू दे. असं बघू नकोस, विचार करतोय. मावसभाऊ. तू आपला मावसभाऊ. मिशी ठेव. गावाकडून आलायस कामाला. आणि काम मी देतो तुला — कारण ते एक सांगायचं राहिलं, पुतळ्यासमोरचा कोपरा समिती मला देणार आहे, लाँड्रीला, हुतात्म्याचा भाऊ म्हणून. टपरी असली तरी चौकातली आहे, दादा. या घरात पलंगाला पाय आपटत किती दिवस इस्त्री करायची मी? तू गेलास तेव्हा कोणी मला विचारलं का, तुला काय हवंय म्हणून? तू सीमेवर, मी टेबलावर. तुझ्यासाठी निदान दिवस तरी आहे वर्षातून एक, माझ्यासाठी काय — मला भांडायचं नाही. मी एवढंच म्हणतोय, दोघं मिळून टपरी चालवू. तू समोर उभ्या असलेल्या तुलाच बघत बघत. सगळ्यांना कुठे मिळतं हे?

बोल तरी काहीतरी. — काय? — उद्या फक्त खुर्चीवर बसायचं होतं? आईशेजारी? कोणीतरी दुसऱ्याने परेड करायची आणि तू बघायची, एवढंच? एवढ्यासाठी आलास? ... दादा, पहिली रांग पाहुण्यांची आहे रे.

कोण? — या साहेब, या या! दार उघडंच आहे. गणवेश होतोच आहे, बाही राहिलीय. — हा? हा आमचा मावसभाऊ. आजच आला गावाहून. नाही, तो जरा कमी बोलतो. — हो का? खुर्च्या मांडायला माणूस कमी पडतोय? आत्ता? नाही साहेब, तो प्रवासातून — दमलाय — अरे, तू उठलास कशाला? तू बस ना. — नाही, साहेब, ताकद आहे त्याच्यात, तो प्रश्न नाही... मैदानावर आत्ता तालीम चालू असेल ना, म्हणून म्हटलं, मध्येच कशाला — दादा. — म्हणजे, आमच्याकडे मावसभावालाही दादाच म्हणतात. दादा, ऐक. खुर्च्या उचलताना असा ताठ चालू नकोस. जरा वाकून चाल, आमच्यासारखा. आणि स्टेजकडे बघायचं नाही. अजिबात नाही. — गेला. कसा बघा, जिना उतरतोय की काय करतोय.

बसा ना साहेब. बाही झाली की झालंच. हो, कामसू आहे. नाही, लग्न नाही झालं, सवडच — गावाकडे शेती वगैरे. ऐकू येतंय इथपर्यंत माईकचं, नाही का? आई बरी बोलतेय आज. ‘मला आणखी एक मुलगा असता’ — आता पुढचं विसरली वाटतं. सांगा कोणीतरी तिला पुढचं. — थांबली. माईक बिघडला असेल साहेब, गेल्या वर्षीही...

काय म्हणाली? मला नाही नीट ऐकू — ‘जेवलास का’ म्हणाली? नाही, ते सगळ्यांनाच म्हणते ती. खुर्च्या मांडणाऱ्यालाही म्हणेल. — हो, रडतेय. तालमीत शिकवलंय ना तुम्हीच. — नाही साहेब. बरोबर आहे तुमचं. असं शिकवून येत नाही.

गणवेश? तयार आहे हा. कॉलर बघा, कशी उभी आहे. — नाही, तुमच्याकडे नाही देता येणार. गिऱ्हाईक आलंय त्याचं. कपडे ज्याचे त्याच्याच हातात द्यायचे असतात, लाँड्रीचा नियम आहे, मी काय करू? टपरीचं मग बघा तुम्ही, तुमच्या समितीचं आहे ते. आणि पुतळ्याला काही धक्का लावू नका, कान माझे आहेत. या आता. जाताना दार उघडंच राहू द्या, ती दोघं येतील जेवायला.