उतरलो म्हणेपर्यंत

(हाडांच्या वॉर्डातली सकाळ. बाबा चाकांच्या खाटेवर, उजव्या पायाला वजन टांगलेलं.)

बाबा : …आणि आईने विचारलं तरी तेच सांगायचं. बाथरूम, ओली फरशी, साबण, धप्प. पाठ झालं?

मी : कालच्या गोष्टीत साबण नव्हता.

बाबा : आज घातला. गोष्ट पटायला नको?

मी : बाबा, पण खरं तर मी...

बाबा : 'मी'ने सुरू होणारं एकही वाक्य नको. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा, आज थांबव. परीक्षा होईपर्यंत पोरीला कामावर नेणार नाही असा शब्द दिलाय मी तुझ्या आईला. दोघांचंही खोबरं करेल ती. डॉक्टरबाई आल्या बघ. हस.

डॉक्टर : काय पेंटरसाहेब, दुखणं काय म्हणतंय?

बाबा : दुखणं मजेत आहे. मीच जरा आडवा झालोय.

डॉक्टर : बरं, ऐका. आज अकराचं तुमचं ऑपरेशन पुढे ढकलतोय.

मी : का?

डॉक्टर : तू मुलगी ना यांची? हा एक्सरे बघ. हे मांडीचं हाड. अंगातलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात चिवट. बरोबर मधोमध मोडलंय. ते मोडायला गाडीची धडक लागते, नाहीतर उंचावरून पडावं लागतं. बेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाचं हे हाड बाथरूममध्ये घसरून मोडत नाही.

बाबा : माझं मोडलं. आमचं सगळंच जगावेगळं.

डॉक्टर : तीच तर भीती. मग हाड आधीच आतून कमजोर झालेलं असणार. एक्सरेत काही दिसत नाही, पण गाठ असली तर? हाडाच्या पोकळीतून आम्ही लांब रॉड घालतो. गाठ असताना तो घातला तर ती अख्ख्या हाडभर पसरेल. म्हणून आधी मोठा स्कॅन, रक्त, वाटलं तर हाडाचा तुकडा काढून तपासायचा. चार-पाच दिवस जातील.

मी : चार-पाच दिवस असंच वजन टांगून?

डॉक्टर : हो. आणि थांबणं काही चांगलं नाही. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊन अडकू शकते. पण इलाज नाही.

बाबा : तपासा तपासा. मला कुठं जायचंय?

मी : बाबा!

बाबा : तुझा अभ्यास राहिलाय ना गं?

मी : डॉक्टर, हे बाथरूममध्ये पडले नाहीत.

बाबा : हिचं मनावर घेऊ नका हं. वक्तृत्वात पहिली आलीय, गोष्टी रचण्यात हिचा हात धरणार नाही कुणी.

मी : रचलेली गोष्ट साबणाची आहे. हे शिडीवरून पडले. चष्म्याच्या दुकानाचा बोर्ड रंगवत होते. खाली शिडी मी धरली होती.

डॉक्टर : मग?

मी : आमचा एकच नियम आहे. एक पाय खालच्या पायरीवर, दोन्ही हात शिडीला, आणि बाबा खाली येऊन 'उतरलो' म्हणेपर्यंत काहीही काढायचं नाही. काल माझी मैत्रीण तिथून चालली होती. म्हणाली, भाषणाचा शेवट कसा केलास, दाखव ना. मी दाखवला. शेवटी दोन्ही हात असे वर जातात.

डॉक्टर : दोन्ही?

मी : दोन्ही. पायसुद्धा उचलला. तिने टाळ्या वाजवल्या. आधी टाळ्या ऐकू आल्या, मग बाबा.

बाबा : शिडीच्या खालचं रबर झिजलं होतं. मीच बदललं नव्हतं. ते लिहा आधी.

डॉक्टर : किती उंचीवरून?

मी : बारा-तेरा फूट तरी.

डॉक्टर : आणि पडलात कसे, पायांवर? टाच? कंबर?

मी : सांगा ना बाबा!

बाबा : डावी टाच कालपासून ठणकतेय. कंबरही थोडी.

डॉक्टर : मग बोलला का नाहीत?

बाबा : बाथरूममध्ये घसरून टाच कशी दुखेल? गोष्टीत बसेना.

डॉक्टर : धन्य आहात! उंचावरून पडलेल्या माणसाचं हेच तर आधी बघतो आम्ही. टाच, मणका, खुबा, सगळ्यांचे फोटो आत्ताच काढू. ते नीट निघाले तर दुपारी रॉड, दोन्ही टोकांना स्क्रू. एक-दोन दिवसांत वॉकर धरून उभे राहाल. हाड पुरतं जुळायला चार-सहा महिने. आणि काय गं, बरं केलंस बोललीस.

मी : बरं काल करायचं होतं.

डॉक्टर : यांना न्यायला माणसं पाठवते.

बाबा : गेल्या डॉक्टरबाई. तीनशे माणसांपुढे उभी राहिलीस तेव्हा हललीसुद्धा नाहीस. आत्ता बघ, तुझ्या थरथरण्याने खाट वाजतेय.

मी : ओरडा ना माझ्यावर. कालपासून एकदाही ओरडला नाहीत.

बाबा : वरून येताना ओरडलो की.

मी : तो नाही धरायचा.

बाबा : बरं. आईला मी सांगतो.

मी : नाही, मी सांगणार. तुम्ही परत साबण आणाल.

बाबा : फार बोलायला लागलीस… आली बघ माणसं. बाजूला हो.

मी : मीपण येते.

बाबा : दारापर्यंतच सोडतील तुला. अगं, त्यांना खाट वळवायचीय, कठडा सोड. दोन्ही हातांनी काय धरलंयस?

मी : तुम्ही अजून 'उतरलो' म्हणाला नाहीत.